वाचकांचे प्रश्न : जुने पुस्तक अभिजात केव्हा ठरते?

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीला मी ‘अभिजात’ म्हणून गेलो आणि तो शब्द कोणत्या हिशेबाने वापरला हे सांगायचे राहून गेले. वाचकांनी ते बरोबर पकडले. आलेल्या पत्रांपैकी सहा येथे घेतली आहेत. लांब पत्रांचा आशय तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : माळ्यावरून आजोबांची ट्रंक खाली काढली, तेव्हा तीत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची पुस्तके निघाली. ‘यमुनापर्यटन’ आहे, ‘पण लक्षात कोण घेतो?’ आहे, ‘मुक्तामाला’ आहे, शिवाय काही धार्मिक पोथ्या आणि पाने सुटलेली मासिके आहेत. मुलगा म्हणतो, यांतली अभिजात तेवढी ठेवा आणि बाकीची रद्दीत द्या. मी अभियंता होतो, म्हणून नेमके विचारतो : पुस्तक किती वर्षांचे झाले की ते अभिजात होते? (एक निवृत्त वाचक, कोथरूड)

वयाची अट असती तर मुद्रणाचे साल पाहून निकाल देता आला असता. पण वय हा निकष अपुरा आहे, हे आपल्याकडे फार पूर्वीच सांगून झाले आहे आणि ज्याने सांगितले तो पुढे स्वतःच अभिजात ठरला. ‘मालविकाग्निमित्र’ नाटकाच्या प्रस्तावनेत पारिपार्श्वक, म्हणजे सूत्रधाराचा साथीदार, सूत्रधाराला विचारतो की भास, सौमिल्ल, कविपुत्र अशा ख्यातनाम कवींची नाटके असताना हयात असलेल्या कालिदासाच्या कृतीला एवढा मान कशासाठी. त्यावर सूत्रधार म्हणतो, ‘पुराणमित्येव न साधु सर्वं न चापि काव्यं नवमित्यवद्यम्’. जुने आहे एवढ्यावरून सारे चांगले ठरत नाही आणि नवे आहे एवढ्यावरून काव्य सदोष ठरत नाही. जाणते लोक पारखून घेतात आणि मूढ दुसऱ्याच्या सांगण्यावर चालतो. यातली गंमत अशी, की त्या तीन ख्यातनामांपैकी सौमिल्ल आणि कविपुत्र आज जवळजवळ नावापुरतेच उरले आहेत. भासाचीही गत तीच होती. १९१२ पासून गणपतिशास्त्री यांनी त्रिवेंद्रमहून तेरा नाटके छापली तेव्हा तो पुन्हा वाचकांसमोर आला आणि ती सगळी त्याचीच का, हा वाद त्यानंतरही चालूच राहिला. वय पुरत नाही, तशी एके काळची कीर्तीही पुरत नाही.

शब्दाकडेही एकदा पाहून घेऊ. संस्कृतात ‘अभिजात’ म्हणजे कुलीन, चांगल्या घरात जन्मलेला. इंग्रजीतून आलेला ‘क्लासिक’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून निघाला, तो रोममधल्या सर्वांत वरच्या मालमत्ता-वर्गातील नागरिकांना लावला जात असे आणि पुढे तो प्रमाणभूत लेखकांनाही लागला. एक शब्द जन्मावरून आला आणि दुसरा मालमत्तेवरून. मला दोन्ही अडचणीचे वाटतात, कारण कोणताही ग्रंथ कुलीन जन्मत नाही. प्रसिद्धीच्या दिवशी सगळी पुस्तके सारखीच असतात. पुढच्या लोकांनी त्यांचे काय केले यावर बाकीचे ठरते. पुढच्या पिढ्यांनी जे पुस्तक स्वतःच्या गरजेसाठी, बरेचदा लेखकाच्या मनातही नसलेल्या गरजेसाठी, पुन्हा पुन्हा वापरले आणि एवढ्या वापरानंतरही जे संपले नाही, त्याला मी अभिजात म्हणतो. गेल्या अंकात मी तो शब्द याच हिशेबाने वापरला होता.

आपल्या ट्रंकेनेच याचे उदाहरण दिले आहे. ‘यमुनापर्यटन’ हे बाबा पदमनजींचे पुस्तक १८५७ चे. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून त्याचे नाव घेतले जाते. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः येऊन १८९३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. एकीची नायिका यमुना, दुसरीची यमू, आणि दोघींच्या गोष्टींचा विषय एकच : हिंदू विधवेची दशा. पहिल्या पुस्तकात यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव फिरते आणि जागोजागी तिला दुःखी विधवा भेटतात. पुढे ती स्वतः विधवा होते, ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुनर्विवाह करते. पदमनजींची कळकळ खरी आहे आणि १८५७ साली हे छापायला धैर्य लागले असणार. पण एक विधवा आपली कहाणी सांगून गेली की दुसरी येते, आणि प्रत्येकीने काय सांगायचे ते लेखकाने आधीच ठरवलेले असते. यमुना प्रश्न विचारते तेव्हा उत्तर तिच्या तोंडाशी तयार असते. ज्यासाठी पुस्तक लिहिले ते काम झाले आणि त्याबरोबर पुस्तकही थांबले. आज ते अभ्यासक उघडतात. संध्याकाळी दिवा लावून कोणी ते वाचायला घेतलेले मी तरी पाहिलेले नाही.

हरिभाऊंनी वेगळे काय केले? त्यांनी यमूला स्वतः बोलायला लावले. ती लहानपणापासून सांगत येते. तिला त्या वेळी जे कळत नव्हते ते वाचकाला कळत असते आणि या फटीतच कादंबरीचा सगळा जीव आहे. माहेरचे आणि सासरचे घर, वडीलधाऱ्यांचा धाक, मुंबईला गेल्यावर रघुनाथरावांबरोबर मिळालेले थोडे मोकळे दिवस, लिहिण्या-वाचण्याची गोडी आणि मग वैधव्य. शंकरमामंजींसारखा माणूस येतो तेव्हा तो ‘दुष्ट रूढी’चा पुतळा म्हणून येत नाही, तर प्रत्येक वाड्यात असू शकेल असा नातेवाईक म्हणून येतो, आणि म्हणून त्याची भीती अधिक वाटते. हरिभाऊ सुधारक होते. त्यांनाही काही सांगायचे होते. पण सांगण्याच्या आधी त्यांनी ऐकले. आज विधवांच्या केशवपनाची रूढी राहिलेली नाही; म्हणजे ज्या कारणासाठी कादंबरी लिहिली ते कारण संपले आहे. तरी घरातल्या माणसांच्या प्रेमातूनच माणसाची कोंडी कशी होते हे जाणून घ्यायला ती कामाला येते, कारण कोंडी संपलेली नाही. जाता जाता एक गोष्ट. हे गृहस्थ आपल्या काकांनी १८८८ साली स्थापन केलेल्या पुण्याच्या आनंदाश्रमाचा कारभार पाहत, म्हणजे जुने संस्कृत ग्रंथ शुद्ध करून छापण्याच्या संस्थेचा. ज्याच्या टेबलावर दिवसभर हजार वर्षांपूर्वीच्या पोथ्यांची मुद्रिते असायची, त्याने वाड्यातल्या एका मुलीच्या बोलीत कादंबरी लिहिली, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

‘मुक्तामाला’ १८६१ ची. तिच्या काळात ती अतिशय लोकप्रिय होती. आज चार पानांपलीकडे जाणे कठीण आहे. यावर अधिक लिहीत नाही.

आता ट्रंकेचे. अभिजात नाही म्हणजे टाकाऊ, हा आपल्या मुलाचा हिशेब मात्र मला मान्य नाही. एखादे जुने मासिक साहित्य म्हणून सामान्य असले, तरी त्यातल्या जाहिराती, किमती, वर्गणीदारांच्या याद्या यांतून त्या काळची माहिती मिळते आणि ती दुसरीकडे मिळेलच असे नाही. अशी पाने सुटलेली मासिके एखाद्या जुन्या ग्रंथालयाला किंवा संशोधन-संस्थेला दाखवावीत आणि मग निर्णय करावा. रद्दीचा भाव उद्याही तोच राहील.

प्रश्न : मी मराठी विषय घेऊन एम. ए. करते. वर्गात अभिजात ग्रंथांची यादी दिली जाते आणि ती मुकाट्याने मान्य करायची असते. यादी कोण करते? पेठांमधल्या मूठभर घरांनी ज्याला चांगले म्हटले तेच अभिजात झाले, असे मला वाटते. (एक विद्यार्थिनी, पुणे)

आपला संशय बराचसा बरोबर आहे आणि त्याचे पुरावे याच शहरात आहेत. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. सुरतेच्या एका तरुण विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपावरून झालेल्या शिक्षेनंतर वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीवर जी आगपाखड झाली, तिला उत्तर म्हणून त्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिले. ते १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले, प्रती पाचशे. जोतीराव फुल्यांनी आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेत त्यांची बाजू घेतली, आणि त्यानंतर पुस्तक जणू नव्हतेच अशी स्थिती झाली. स. गं. मालशे यांनी ते १९७५ मध्ये पुन्हा प्रसिद्ध केले. मधली त्र्याण्णव वर्षे मराठी वाङ्मयाचे इतिहास लिहिले जात होते, संमेलने भरत होती आणि अभ्यासक्रम ठरत होते.

फुल्यांचे स्वतःचे काय झाले? विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी आपल्या ‘निबंधमाला’ मासिकात त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टवाळी केली. मराठी गद्य घडवणाऱ्यांत विष्णुशास्त्र्यांचे नाव वरचे आहे आणि ते मी खाली आणू इच्छित नाही. पण एवढ्या तयार कानालाही समोरचे गद्य ऐकू आले नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. १८८५ मध्ये ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण आले तेव्हा फुल्यांनी न्यायमूर्ती रानड्यांना पत्र लिहून ते नाकारले. जे सर्व माणसांचे हक्क मान्य करीत नाहीत त्यांच्या सभा आणि त्यांची पुस्तके यांच्याशी आमचे जुळणार नाही, असा त्याचा आशय होता. यादी कोण करते, हा आपला प्रश्न पुण्यात एवढ्या वर्षांपूर्वी इतक्या स्पष्टपणे विचारला गेला आहे.

म्हणून यादीवर अविश्वास ठेवावा, हे मला मान्य आहे. पण ‘ज्यांच्या हाती सत्ता, त्यांनी म्हटले ते अभिजात’ इतक्यावर मी थांबणार नाही, आणि त्याचे कारणही ताराबाईच आहेत. दारे राखणारे पुस्तक झाकून ठेवू शकतात. पण झाकण निघाल्यावर आत काय आहे हे त्यांच्या हाती नसते. १९७५ मध्ये ते पुस्तक उघडले तेव्हा लोकांना नुसता ऐतिहासिक पुरावा मिळाला नाही, तर एक बाई मिळाली : चिडलेली, तिरकस बोलणारी, पुरुषांच्या एकेका आरोपाला त्यांच्याच पदरी घालणारी, आणि हे सगळे घरातल्या मराठीत. लगेच लोक त्याचा उपयोग करू लागले. आता उलट बाजू पाहा. त्याच त्र्याण्णव वर्षांत ज्या पुस्तकांना बक्षिसे मिळाली, शाळांतून जी लावली गेली, त्यांतली कितीतरी आज कोणी मोफत दिली तरी घेत नाही. पुस्तकाची मिरवणूक काढता येते, पण त्यासाठी वाचक दर पिढीला पुन्हा आणता येत नाही.

राखण नेहमी वरूनच होते, असेही नाही. म्हाइंभटांनी शके १२०० च्या सुमारास सिद्ध केलेले ‘लीळाचरित्र’, म्हणजे चक्रधरस्वामींच्या आठवणींचा ग्रंथ, त्यांच्या महानुभाव पंथाने स्वतःच सांकेतिक लिपीत जपला, आणि मराठीतले इतके जुने, इतके बोलते गद्य पंथाबाहेरच्या वाचकांना विसाव्या शतकात हाती आले. तेथे कोणी दुष्टावा केला नव्हता. परक्या हातांपासून ग्रंथ जपायचा होता. परिणाम मात्र तोच झाला. चक्रधरांच्या बोलण्या-चालण्याचे ते छोटे छोटे प्रसंग वाचताना मला दरवेळी वाटते की हे सहा शतके सर्वांच्या वाचनात असते तर आपले गद्य फार वेगळे झाले असते.

आपल्याला एक काम सुचवतो. मुक्ता साळवे ही फुल्यांच्या शाळेतली मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात आला. तो काही पानांचाच आहे. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्मग्रंथ कोणता, असे ती सरळ विचारते. हा निबंध अभिजात म्हणावा की नुसता मोलाचा दस्तऐवज म्हणावा, याविषयी माझे मत बरीच वर्षे ‘दस्तऐवज’ असे होते. अलीकडे तो एका कार्यक्रमात मोठ्याने वाचलेला ऐकला आणि मत डळमळले. आपण वर्गात तो मोठ्याने वाचून पाहावा आणि काय वाटले ते कळवावे.

प्रश्न : मी रोज ज्ञानेश्वरी वाचते, पण मूळ ओव्या पुरत्या कळत नाहीत, म्हणून शेजारी छापलेला आजच्या मराठीतला अर्थ वाचते. माझ्या जाऊबाई म्हणतात, हे खरे वाचन नव्हे. शिवाय आमच्या दोघींच्या प्रतींत काही शब्द वेगळे आहेत. मग खरी ज्ञानेश्वरी कोणती? (एक वाचक, नारायण पेठ)

आपल्या जाऊबाईंना माझा नमस्कार सांगावा आणि हेही सांगावे की हा प्रश्न एकनाथांनाही पडला होता. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ. स. १२९० ची. हातांनी उतरवून घेता घेता तिच्यात इतके पाठभेद शिरले की एकनाथांनी प्रती ताडून ती शुद्ध केली. शेवटी त्यांनी लिहून ठेवले आहे : ‘ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध । परी पाठांतरीं शुद्धाबद्ध । तो शोधूनियां एवंविध । प्रतिशुद्ध सिद्ध ज्ञानेश्वरी ॥’ हे काम शके १५०६ चे, इ. स. १५८४ चे. आपण आज जी ज्ञानेश्वरी वाचतो ती बहुतेक या हातांतून आलेली आहे. पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांना जी प्रत मिळाली तिला ते एकनाथांच्याही आधीची मानत, आणि १९०९ मध्ये त्यांनी ती छापली. तेव्हा दोन प्रतींत शब्द वेगळे दिसले तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही. ज्या ग्रंथाला पाठभेद नाहीत, तो बहुधा कोणी फारसा उतरवूनच घेतलेला नसतो.

पूर्वी घरोघरी पाटा-वरवंटा होता तेव्हा दारावर टाकी लावणारी बाई येत असे. रोजच्या वाटणाने पाटा गुळगुळीत होतो आणि मग त्यावर काही वाटले जात नाही; त्याला पुन्हा टाकी लावून खरखरीत करावे लागते. एकनाथांनी ज्ञानेश्वरीला टाकी लावली, असे मी समजतो. टीका, प्रवचने, शब्दकोश आणि आपल्या शेजारचा छापील अर्थ ही त्याच जातीची कामे आहेत. फक्त एक करावे. अर्थ आधी वाचला तरी ओवी नंतर मोठ्याने म्हणावी. अर्थ दर पन्नास वर्षांनी बदलून लिहावा लागतो. ओवीची चाल मात्र सातशे वर्षे टिकलेली आहे, आणि बुद्धीला कळण्याआधी कानाला कळणारे असे तिच्यात बरेच आहे.

‘खरी कोणती’ या प्रश्नाचे सर्वांत मोठे उत्तर लॉ कॉलेज रस्त्याच्या परिसरात, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत दिले गेले आहे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम तेथे १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये संपले. वि. स. सुखठणकर हे त्याचे प्रमुख शिल्पकार. ते १९४३ मध्ये गेले तेव्हा काम अर्ध्यावर होते. पुढच्यांनी ते त्यांच्याच पद्धतीने नेले. वेगवेगळ्या लिप्यांतील १,२५९ हस्तलिखिते पाहिली गेली, श्लोकामागून श्लोक ताडला गेला, आणि जे सर्व परंपरांत आढळते ते वर आणि जे काहींतच आढळते ते तळटीपांत किंवा परिशिष्टांत, अशी मांडणी झाली. परिणाम असा झाला की व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले ही सर्वांना ठाऊक असलेली कथा मूळ संहितेतून निघून परिशिष्टात गेली. गणपतीच्या गावात हे घडले आणि तरीही कोणी दंगा केला नाही, हे पुण्याला शोभण्यासारखेच आहे. द्यूतसभेत द्रौपदी कृष्णाचा धावा करते तो भागही मुख्य पाठात राहिला नाही.

आता पाहण्यासारखे पुढेच आहे. या कापाकापीने महाभारत लहान झाले का? इरावती कर्वे डेक्कन कॉलेजात मानवशास्त्र शिकवत. त्यांनी हीच चिकित्सक आवृत्ती समोर ठेवून ‘युगान्त’ लिहिले. ते १९६७ मध्ये निघाले आणि त्याला पुढच्या वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. चमत्कार बाजूला झाल्यावर त्यांना भीष्म, गांधारी, कुंती, कर्ण ही माणसे दिसली आणि त्यांनी त्यांना माणसांसारखेच धारेवर धरले. दुसरीकडे कीर्तनकार अजूनही धावा गातात, वस्त्रे पुरवणारा कृष्ण अजूनही समोर उभा करतात, आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येते. दोन्ही महाभारतेच आहेत. एखादा लहान ग्रंथ असता तर त्यातला चमत्कार काढल्यावर हाती काही उरले नसते. म्हणून आपण अर्थ वाचता आणि जाऊबाई ओव्या वाचतात, यात भांडण्याजोगे काही नाही. दोघींनी एक अध्याय अदलाबदल करून वाचावा.

प्रश्न : ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आता सगळे प्राचीन मराठी साहित्य आपोआप अभिजात झाले, असे म्हणता येईल का? (एक शिक्षक, जुन्नर)

नाही. तो दर्जा भाषेचा आहे. तिच्या प्राचीनतेचे पुरावे, जुन्या ग्रंथांची परंपरा, शिलालेख अशा गोष्टी पाहून तो दिला जातो. आपल्या जुन्नरजवळचाच नाणेघाट घ्या. तेथील सातवाहनांचा प्राकृत लेख दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे आणि पुरावा म्हणून त्याचे मोल मोठे आहे. पण त्यात यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाईंची यादी आहे. ती वाचून कोणाच्या घशात काही दाटून येत नाही. त्याच सातवाहनांशी जिचे नाव जोडले गेले त्या ‘गाथासप्तशती’ या महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथासंग्रहात मात्र गोदाकाठची एखादी बाई दोन ओळींत असे काही बोलून जाते की तिचे गाव, घर आणि मनातले सगळे कळते. भाषेच्या दर्जासाठी दोन्ही कामाला आले. वर्गात शिकवताना आपण दोन्ही शेजारी ठेवून दाखवावेत. मुलांना फरक समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

प्रश्न : गेल्या महिन्यात एका नव्या कादंबरीच्या मलपृष्ठावर ‘अभिजात कलाकृती’ असे छापलेले पाहिले. असे म्हणता येते का? (एक वाचक, बिबवेवाडी)

छापता येते, कागद नकार देत नाही. नामकरणाच्या दिवशीच सहस्रचंद्रदर्शनाचे निमंत्रण वाटण्यासारखा हा प्रकार आहे. किती वर्षे थांबावे याचा नियम नाही, पण ज्यांच्या तरुणपणी पुस्तक आले त्यांची पिढी बाजूला होईपर्यंत तरी थांबावे असे मला वाटते. तोपर्यंत आपण पुस्तक वाचतो की त्याबरोबरचे आपले वीस वर्षांचे वय वाचतो, हे आपल्यालाच सांगता येत नाही. माझ्या कॉलेजच्या दिवसांत उशाशी असलेल्या एक-दोन कादंबऱ्यांविषयी मी याच कारणाने या सदरात कधी लिहीत नाही.

प्रश्न : तुकाराम गाथा तीनदा हाती घेतली आणि तिन्ही वेळा शंभराच्या आत सोडली. सगळे ज्याला थोर म्हणतात ते मला पुढे वाचवत नाही. दोष माझा की गाथेचा? (एक वाचक, नाना पेठ)

दोष पहिल्या पानापासून सुरुवात करण्याचा आहे. आपण आज जी जाडजूड, क्रमांक घातलेली गाथा पाहतो, तिचा साचा मुंबई सरकारच्या मदतीने १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत निघालेल्या आवृत्तीने पक्का केला. तीत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. छापलेले पुस्तक पाहिले की आपल्याला ते कादंबरीसारखे क्रमाने वाचावेसे वाटते. पण तुकोबांनी ते तसे रचलेले नाहीत, आणि वारकरीही ते तसे वाचत नाहीत. कीर्तनकार एक अभंग घेतो आणि दोन तास त्यावर उभा राहतो. भजनात तोच अभंग वर्षानुवर्षे येतो. प्रार्थना समाजाच्या मंडळींनी आपल्याला हवा तो तुकाराम उपासनेसाठी निवडला आणि कवी दिलीप चित्र्यांनी इंग्रजीत नेताना स्वतःचा वेगळा तुकाराम निवडला. कोणीही एकापासून शेवटपर्यंत गेल्याचे दिसत नाही.

आपण दुष्काळाच्या अभंगापासून सुरुवात करावी असे मी सुचवतो. १६३० च्या सुमाराचा तो मोठा दुष्काळ. ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥’ देव, भक्ती, वैकुंठ असे काही मनात न आणता फक्त एवढी ओळ वाचावी. वाण्याचा धंदा बुडाला आहे, पत गेली आहे, बायको भुकेने मेली आहे, आणि हे तो माणूस कोणताही अलंकार न वापरता सांगतो आहे. मग ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें’ हा अभंग काढावा आणि तोच माणूस त्याच दिवाळ्याला ‘बरें जालें’ का म्हणतो, हे स्वतःलाच विचारावे. उत्तर पटले नाही तरी हरकत नाही. मला स्वतःला ते काही दिवशी पटते आणि काही दिवशी पटत नाही.

आणखी एक सोय आपल्याला आहे, ती माझ्याकडे नाही. आपण नाना पेठेत राहता. तुकोबांची पालखी पुण्यात आली की निवडुंग्या विठोबाच्या देवळात, म्हणजे आपल्या दारातच मुक्कामाला असते. त्या रात्री तेथे जाऊन बसावे. दिंड्यांमधून कोणते अभंग पुन्हा पुन्हा म्हटले जातात ते ऐकावे, कानात राहतील तेवढे चिठ्ठीवर उतरवून घ्यावेत आणि घरी येऊन गाथेत शोधून त्यांच्याशेजारी पेन्सिलने खूण करावी. शाईने करू नये. पुढच्या वर्षी खुणा वेगळ्या ठिकाणी पडतील.